पीडीसी मशीनमध्ये फायर रेझिस्टंट फ्लुइड : जुनं ऑइल काढून नवीन भरलं की झालं का?

प्रश्न थोडक्यात असा : ४०० टनी ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंग मशीन. टाकी ९०० लिटरची, सिलेंडर-पाइप धरून सगळ्या हायड्रॉलिक सिस्टीममध्ये साधारण १,००० लिटर. सध्या आयएसओ व्हीजी ४६ (४० अंशांवर घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, ४६) मिनरल ऑइल, डबल व्हेन पंप, १४० बार. विमा कंपनीच्या सर्व्हेयरने फायर रेझिस्टंट (सहज पेट न घेणारं) फ्लुइड वापरायला सांगितलंय. एक सप्लायर एचएफसी देतो, दुसरा एचएफडीयू. जुनं काढून नवीन भरलं तर चालेल का, आणि मशीनमध्ये काय बदलावं लागेल?

एचएफडीयू घेणार असाल तर थोड्या तयारीने चालेल. एचएफसी घेणार असाल तर असं अजिबात करू नका. बॅरल दोन्हीचे सारखेच दिसतात, पण एचएफडीयूत ऑइलच्या जवळचं काहीतरी आहे आणि एचएफसीत जवळजवळ निम्मं पाणी. एचएफसी भरल्या दिवसापासून मेंटेनन्सचं काम ऑइल सांभाळण्याचं उरत नाही, पाणी सांभाळण्याचं होतं. हे मनात पक्कं असेल तर बाकीचं सगळं जमतं.

सर्व्हेयर उगाच सांगत नाही. होल्डिंग फर्नेसमध्ये धातू ६५०-७०० अंशांवर असतो. मिनरल ऑइल सव्वातीनशे ते पावणेचारशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं. १४० बारखाली असलेल्या होजला टाचणीएवढं भोक पडलं की ऑइल थेंबथेंब गळत नाही, धुकं होऊन कित्येक मीटर लांब उडतं. समोर लॅडल किंवा फर्नेसचं तोंड असेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको. या फ्लुइडच्या संशोधनाला युरोपात जोर आला तोही अशाच आगीनंतर. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळसा खाणीत कोळशाच्या डब्याने हायड्रॉलिक ऑइलचा पाइप आणि विजेच्या केबल एकदमच तोडल्या. त्या आगीत २६२ कामगार गेले.

आता प्रकार. आयएसओ ६७४३-४ मध्ये यांचे गट पाडलेले आहेत. एचएफए म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त पाणी, व्यवहारात बहुधा ९५ भाग पाणी आणि ५ भाग कॉन्सन्ट्रेट. खाणीत छताला आधार देणाऱ्या प्रॉप्सना ठीक, तुमच्या पंपाला नाही. एचएफबी म्हणजे ऑइलमध्ये पाणी, आता फारसं कुणी वापरत नाही. एचएफसी म्हणजे वॉटर ग्लायकॉल : किमान ३५ टक्के पाणी, बाकी बहुधा डायएथिलीन ग्लायकॉल, घट्टपणासाठी पॉलिग्लायकॉल, आणि गंज व झीज रोखणारे ॲडिटिव्ह. एचएफडीआर म्हणजे फॉस्फेट एस्टर. औष्णिक वीज केंद्रातल्या टर्बाइनच्या कंट्रोलमध्ये ज्याला नुसतं 'एफआरएफ' म्हणतात ते हेच. त्याला तुमच्या मशीनमधली नायट्राइल सील आणि टाकीचा पेंट दोन्ही सहन होत नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवा. एचएफडीयू म्हणजे पाणी नसलेलं सिंथेटिक, बाजारात बहुधा पॉलिओल एस्टर.

आगीपुढे एचएफसी आणि एचएफडीयू वेगळे वागतात. एचएफसीतलं पाणी वाफ होताना उष्णता खातं आणि वाफ हवेला बाजूला सारते, त्यामुळे ठिणगी लागली तरी ज्वाला टिकत नाही. एचएफडीयू पेट घ्यायला मिनरल ऑइलपेक्षा नाखूष असतं आणि फवारा पेटलाच तर स्रोत दूर झाल्यावर विझण्याची शक्यता जास्त. पण मोठ्या आगीत सापडलं तर ते जळतं. म्हणून सर्व्हेयरला एक गोष्ट लेखी विचारून घ्या : कोणता गट मान्य आहे, आणि एफएम (आगविमा क्षेत्रातली चाचणी करणारी संस्था) अप्रूव्हल असलेलंच हवंय का. हा प्रश्न न विचारता एचएफडीयू भरायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा एचएफसीसाठी पैसे मोजायचे, यात अर्थ नाही.

पंपापासून सुरुवात करा

सप्लायरशी भाव ठरवण्याआधी पंपाचा पूर्ण मॉडेल कोड मेकरला पाठवा आणि एचएफसीसाठी प्रेशर, आरपीएम आणि सक्शनची मर्यादा लेखी मागवा. ऑइलवर २१० बारला चालणारा पंप एचएफसीवर १४०-१६० बारला आणून ठेवलेला दिसू शकतो. काही व्हेन पंपांना १,२०० आरपीएमची मर्यादा असते. तुमची मोटर चार पोलची असेल तर ती १,४४० ला फिरतेय. मग सहा पोलची मोटर (९६० आरपीएम) किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह), आणि दोन्हींत फ्लो कमी होऊन सायकल टाइम वाढणार. हा हिशेब प्रॉडक्शनवाल्यांसमोर आधीच मांडा.

एवढी कपात का, तर दोन कारणं. एचएफसीचा घट्टपणा कागदावर ४६ असला तरी दाबाखाली तो ऑइलसारखा वाढत नाही. बेअरिंगचा रोलर आणि रेस, व्हेनचं टोक आणि कॅम रिंग यांच्यामधली फिल्म त्यामुळे पातळ राहते, आणि रोलिंग बेअरिंगचं आयुष्य चांगलंच घटतं. दुसरं कारण सक्शनचं. मिनरल ऑइलचा बाष्पदाब जवळजवळ शून्य. पाण्याचा ५० अंशांवर सुमारे १२ किलोपास्कल, ६० अंशांवर २०. एचएफसीचा पाण्यापेक्षा थोडा कमी, पण त्याच घरात. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, म्हणजे हवेचा दाबच मुळात ९५ किलोपास्कलच्या आसपास. त्यात घनता १.०८, म्हणजे ऑइलच्या ०.८७ पेक्षा चांगली जड. पंप टाकीच्या वर बसवलेला असेल आणि स्ट्रेनर अर्धवट चोंदलेला असेल तर पंप पहिल्याच दिवशी खडे भरल्यासारखा आवाज करतो.

म्हणून सक्शन असं करा. पंप टाकीच्या शेजारी, लेव्हलच्या खाली आणता आला तर उत्तम. नसेल तर सक्शन पाइप एक साइज वाढवा आणि वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. सक्शन स्ट्रेनर असलाच तर १०० मेशपेक्षा बारीक नको आणि आकाराने दुप्पट हवा. पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज कायमचा बसवा. वाचन ७५ मिलिमीटर पाऱ्याच्या, म्हणजे साधारण ०.१ बारच्या वर जाऊ देऊ नका. मेकरचा आकडा याहून कडक असेल तर तो पाळा. गेजची किंमत पंपाच्या कार्ट्रिजच्या तुलनेत काहीच नाही, तरी हाच गेज सगळ्यात जास्त वेळा टाळला जातो.

आतमध्ये काय चालत नाही

झिंक, कॅडमियम, मॅग्नेशियम, शिसं आणि ॲनोडाइज न केलेलं ॲल्युमिनियम. एचएफसी अल्कलाइन असतं, नव्याचा पीएच ९ ते १० च्या दरम्यान. झिंकशी गाठ पडली की पांढरा, साबणासारखा गाळ बनतो आणि तो आधी फिल्टरमध्ये, मग प्रपोर्शनल व्हॉल्व्हच्या स्पूलवर (आत सरकणाऱ्या दांड्यावर) जाऊन बसतो. बाहेरून झिंक प्लेटिंग असलेल्या फिटिंगची फार काळजी नको; काळजी टाकीच्या आतली आणि फ्लुइडच्या वाटेतली करायची. रिटर्नचा जीआय (झिंकचा थर दिलेला) पाइप, फिलरची जाळी, स्ट्रेनरची चौकट, आतले क्लॅम्प, फिल्टर एलिमेंटच्या प्लेटिंग केलेल्या टोप्या हे सगळं बाहेर. रिटर्न फिल्टरचं हेड बऱ्याचदा कास्ट ॲल्युमिनियमचं असतं. ते कोटिंग केलेलं किंवा कास्ट आयर्नचं घ्या. एमएस (साधं पोलाद), एसएस (स्टेनलेस), कास्ट आयर्न बिनधास्त, आणि कूलरच्या पितळी-तांब्याच्या नळ्या साधारणपणे चालतात.

टाकीचा आतला पेंट हा दुसरा मोठा विषय. नेहमीचा रेड ऑक्साइड किंवा अल्किड पेंट एचएफसीत काही आठवड्यांत फुगतो आणि पापुद्रे सुटून सक्शनकडे धावतात. आतून पूर्ण खरवडून उघडा पत्रा ठेवा. फ्लुइडमधला इनहिबिटर तो सांभाळतो. झाकणाच्या खालच्या बाजूला मात्र वाफेचं पाणी जमतं आणि ते शुद्ध पाणी असतं, त्यात इनहिबिटर नाही. चांगल्या एचएफसीत वाफेसोबत वर जाणारं अमाइन असतं, तरीही झाकण एसएसचं केलं तर तो प्रश्नच मिटतो. पेंट हवाच असेल तर फ्लुइड मेकरने मंजूर केलेला दोन घटकांचा इपॉक्सी.

सीलमध्ये नायट्राइल आणि बहुतेक व्हिटॉन चालतात. फसवतात ती पॉलियुरेथेनची : रॉड सील, वायपर, काही पिस्टन सील. पाणी आणि उष्णता मिळून पॉलियुरेथेनची साखळीच तोडतात, सील आधी चिकट आणि मग ठिसूळ होतं. रंगावरून ओळखायला जाऊ नका, सील किटच्या पार्ट लिस्टमध्ये मटेरियल बघा. टाकीच्या झाकणाचं कॉर्क गॅस्केट काढून नायट्राइल शीटचं घाला. कागदी (सेल्युलोज) फिल्टर एलिमेंट पाण्याने फुगतं आणि फाटतं. ग्लास फायबर १० मायक्रॉन घ्या, आकार एक नंबर मोठा.

सोलेनॉइड, प्रॉक्सिमिटी आणि पोझिशन ट्रान्सड्यूसर यांच्याकडेही एक नजर टाका. मिनरल ऑइल जंक्शन बॉक्समध्ये झिरपलं तर नुसतं चिकट होतं; एचएफसी वीज वाहतं. ग्लँड नीट आवळा, फाटके बूट बदला.

जुनं ऑइल बाहेर काढणं

सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून थोडं विस्ताराने.

एचएफसीत उरलेलं मिनरल ऑइल ०.१ टक्क्याच्या आत असावं, ही मान्य मर्यादा आहे. तुमच्या १,००० लिटरमागे ते झालं १ लिटर. आता १५० मिलिमीटर बोअरचा, ५०० मिलिमीटर स्ट्रोकचा एक सिलेंडर घ्या : त्याच्या एका बाजूला ८.८ लिटर ऑइल बसतं. म्हणजे एक सिलेंडर विसरलात तर मर्यादा आठ-नऊ पटींनी ओलांडली. टाकी चकाचक पुसून उपयोग नाही. ऑइल लपतं ते कोअर पुलरच्या (डायमधला कोअर ओढणाऱ्या) सिलेंडरमध्ये, ॲक्युम्युलेटरच्या (नायट्रोजनच्या जोरावर दाबाखाली फ्लुइड साठवणाऱ्या बाटलीच्या) फ्लुइड बाजूला, कूलरच्या शेलमध्ये, मॅनिफोल्डच्या बंद गल्ल्यांमध्ये आणि गेजच्या बारीक नळ्यांमध्ये.

क्रम असा ठेवा. मशीन तासभर चालवून ऑइल गरम करा आणि गरम असतानाच काढा. ॲक्युम्युलेटरचं फ्लुइड प्रेशर शून्य झाल्याची गेजवर खात्री झाल्याशिवाय एकही नट सोडू नका. नायट्रोजनचं काम त्यासाठीच्या किटनेच. प्रत्येक सिलेंडर एका टोकाला नेऊन दुसरी बाजू रिकामी करा, मग उलट. होज खालच्या टोकाला सोडा. पंपाची केसिंग, फिल्टर बाउल, कूलर, मॅनिफोल्डचे प्लग उघडून कोरड्या, तेलविरहित हवेने फुंकून घ्या. टाकी पुसायला कॉटन वेस्ट नको, धागे सुटतात. न धागे सुटणारं कापड वापरा. रॉकेल, डिझेल, थिनर किंवा साध्या पाण्याने फ्लश करायचा मोह आवरा. यातलं जे मागे राहील ते नव्या फ्लुइडची वाट लावतं.

मग सील, गॅस्केट, एलिमेंट बदलून फ्लशिंग. त्यासाठी एचएफसीच वापरा, पण पूर्ण टाकी नको. सक्शन नीट बुडेल एवढं, साधारण ३५०-४०० लिटर. रिलीफ व्हॉल्व्ह अगदी खाली आणून प्रत्येक सिलेंडर पूर्ण स्ट्रोक पुन्हा पुन्हा मागेपुढे करा, प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने ऑपरेट करा, अर्धा ते दोन तास. लगेच काढून बॅरलमध्ये भरा आणि दोन दिवस शांत ठेवा. ऑइल वर तरंगेल. वरचा थर पारदर्शक आणि सुटा दिसला तर चांगलं. मध्ये सायीसारखा पिवळट थर असेल तर अजून बरंच ऑइल आत आहे, दुसरा फ्लश करा. थर काढून घेतलेलं फ्लशिंग फ्लुइड पुढच्या मशीनच्या फ्लशिंगला चालतं, भरायला नाही.

उरलेलं ऑइल नुसतं तरंगत राहिलं असतं तर एवढी धास्ती नव्हती. पंप त्याला ढवळून एचएफसीत मिसळतो. मिनरल ऑइलमधलं झिंकचं अँटिवेअर ॲडिटिव्ह आणि एचएफसीचा अल्कलाइन स्वभाव मिळून पुन्हा तोच चिकट गाळ तयार होतो, एलिमेंट दर दोन दिवसांनी चोंदायला लागतं, फेस येतो. सप्लायर म्हणतो फिल्टर खराब, फिल्टरवाला म्हणतो फ्लुइड खराब.

अंतिम भरणा १० मायक्रॉनच्या फिल्टर ट्रॉलीतून करा. हवा काढा, चार ते आठ तास ३०-३५ बारवर चालवा, वर आलेलं ऑइल निपटून काढा, मग टप्प्याटप्प्याने दाब वाढवा. पहिला आठवडा इंडिकेटर रोज बघा. नवीन एलिमेंट दोन दिवसांत चोंदलं तर घाबरू नका. एचएफसी जुना चिकटा सोडवून आणतं. हे तिसऱ्या आठवड्यातही चालू राहिलं तर मात्र टाकीचं झाकण उघडा.

शॉट पुन्हा लावावा लागतो

शॉट म्हणजे प्लंजरने वितळलेला धातू डायमध्ये ढकलणं. तो पुन्हा लावावा लागतो ही गोष्ट फ्लुइडचा सप्लायर सांगत नाही, कारण तो कास्टिंग बघत नाही. व्हॉल्व्हच्या तेवढ्याच उघडण्यातून आणि तेवढ्याच दाबफरकाला जाणारा फ्लो घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ०.८७ वरून १.०८ म्हणजे फ्लो साधारण १० टक्के कमी. दुसऱ्या (डाय झपाट्याने भरण्याच्या) फेजचा प्लंजर वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर तो २.७ च्या आसपास येतो, आणि पातळ भिंतीच्या पार्टमध्ये कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याच्या रेघा) दिसायला लागतात. प्रॉडक्शनवाले डायचं तापमान आणि स्प्रे बदलत बसतात. त्याआधी शॉट मॉनिटरचा जुना आलेख आणि नवा आलेख एकमेकांवर ठेवून वेग जुळवून घ्या. शिवाय एचएफसी ऑइलपेक्षा कमी दाबलं जातं, त्यामुळे इंटेन्सिफायरचा (डाय भरल्यावर धातूवर जास्तीचा दाब देणाऱ्या भागाचा) दाब जरा झटक्यात चढतो. फ्लॅश (डायच्या फटीतून बाहेर आलेला धातू) वाढलेला दिसला तर तिथे बघा. जुने आलेख बदलाच्या आधीच साठवून ठेवा, नंतर मिळत नाहीत.

रोजचं आणि आठवड्याचं

तापमान ४०-५० अंश, ६० ला ट्रिप. याच्या वर पाणी झपाट्याने उडतं. वाळूज किंवा चाकणच्या मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट असतं. कूलरचं एचएफसीवरचं क्षेत्रफळ पुरेसं आहे की नाही हे हिवाळ्यात तपासून काही कळत नाही.

आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून प्रमाण सांगणारं छोटं उपकरण). त्याच्या मोजपट्टीवरचं ब्रिक्सचं वाचन म्हणजे पाण्याचे टक्के नव्हेत. सप्लायरने त्या फ्लुइडसाठी दिलेल्या चार्टवरून पाणी काढायचं. ऑइल मिसळलेलं किंवा फार जुनं फ्लुइड रिफ्रॅक्टोमीटरला फसवतं, म्हणून दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये कार्ल फिशर चाचणीने पाणी, ४० अंशांवर व्हिस्कॉसिटी, पीएच, रिझर्व्ह अल्कलिनिटी आणि झिजेचे धातू तपासून घ्या. व्हिस्कॉसिटी ४६ च्या दहा टक्के वरखाली ठीक. पीएच ९ च्या खाली उतरायला लागला की लक्ष ठेवा, ८.५ च्या खाली गेला तर सप्लायरला बोलवा.

नुसतं वाचन बघू नका, लेव्हलसोबत बघा. लेव्हल उतरली पण पाण्याचे टक्के तेवढेच : गळती आहे, ती काढा आणि नवं एचएफसी घाला. लेव्हल उतरली आणि पाणीही कमी : बाष्पीभवन, फक्त पाणी घाला. लेव्हल चढली आणि पाणी जास्त : कूलरची नळी फुटली आहे, ताबडतोब दाबचाचणी. या तिसऱ्या प्रकारात नुसतं पाणी वाढत नाही, टॉवरच्या पाण्यातलं कॅल्शियमही येतं आणि ते इनहिबिटरला ओढून खाली बसतं. असं फ्लुइड नुसतं सुकवून परत जागेवर येत नाही, लॅब रिपोर्टशिवाय ठेवू नका.

पाणी किती घालायचं ते अंदाजाने नको. टक्के वजनाचे असतात, म्हणून आधी वजन काढा : १,००० लिटर गुणिले १.०८ म्हणजे १,०८० किलो. पाणी ३७ टक्के आलंय आणि ४२ हवंय. तर १,०८० × (४२ − ३७) ÷ (१०० − ४२) = सुमारे ९३ किलो, म्हणजेच ९३ लिटर. हे एकदम ओतू नका. पंप कमी दाबावर चालू ठेवून रिटर्नच्या बाजूला तीन हप्त्यांत, सावकाश. सक्शनच्या बाजूला ओतलं तर काही क्षण पंपाला निव्वळ पाणी मिळतं. दोन तास फिरवून पुन्हा वाचन घ्या. ३५ च्या खाली गेलेलं एचएफसी घट्टही होतं आणि त्याचा आगरोधक गुणही कमी होतो, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हातचं जातं.

पाणी डीएम (क्षार काढलेलं) किंवा डिस्टिल्ड. बोअरचं तर नाहीच नाही, नळाचंही नको; कडकपणा ५ पीपीएमच्या आत हवा.

सगळ्यात साधा आणि सगळ्यात महागात पडणारा घोळ रात्रपाळीत होतो. लेव्हल कमीचा अलार्म येतो, ऑपरेटर शेजारच्या मशीनसाठी ठेवलेल्या बॅरलमधून २० लिटरचा जेरीकॅन भरून ओततो. २० लिटर म्हणजे २ टक्के मिनरल ऑइल, मर्यादेच्या वीसपट. पाटी लावून हे थांबत नाही. फिलरची टोपी काढून तिथे ट्रॉलीचंच कपलिंग बसेल असं क्विक कनेक्टर लावा, ट्रॉलीला वेगळा रंग द्या आणि किल्ली मेंटेनन्सकडे ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीनंतरही एक गंमत होते. गळून वाळलेल्या एचएफसीतलं पाणी उडून जातं आणि मागे गोंदासारखा थर उरतो. स्पूल आणि हँड ओव्हरराइड अडकतात. ओल्या कापडाने, कोमट डीएम पाण्याने तो सुटतो, स्क्रू ड्रायव्हरने नाही. सुट्टी आठवड्यापेक्षा मोठी असेल तर मधे एकदा कमी दाबावर अर्धा तास फिरवा.

एचएफडीयू कधी

पंपाच्या मेकरने एचएफसीला नकार दिला, किंवा मशीन इतकं जुनं आहे की सक्शन बदलायचं म्हणजे टाकीच नवी करायची, किंवा आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटर कोण बघणार याला नाव देता येत नाही, तर मी एचएफडीयूच्या बाजूने. महाग आहे, पण पंपाचं रेटिंग जवळजवळ ऑइलसारखंच राहतं, नायट्राइल आणि व्हिटॉन चालतात, मिनरल ऑइलशी ते मिसळतं त्यामुळे फ्लशिंग सोपं. इपीडीएम सील मात्र कुठे असेल तर काढा. त्याचा शत्रू पाणी : ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, नाहीतर एस्टर फुटून आम्ल बनतं. ब्रीदरला (टाकीत हवा येण्याच्या वाटेला) ओल शोषणारं डेसिकंट लावा, ॲसिड नंबरवर लक्ष ठेवा. मिनरल ऑइल मिसळतं म्हणून मागे ठेवायचंही नाही. जेवढं उरेल तेवढी आगीची खात्री कमी.

माझं मत विचाराल तर फर्नेसला लागून असलेल्या, चांगल्या स्थितीतल्या मशीनला एचएफसी, बशर्ते पंपाचं लेखी उत्तर हातात आहे. कुठलंही भरलं तरी होजना स्लीव्ह, फर्नेसच्या दिशेच्या होजसमोर पत्र्याचा आडोसा, आणि इमर्जन्सी स्टॉपवर ॲक्युम्युलेटरचा मार्ग बंद होणं हे तिन्ही करायचंच. फर्नेसच्या लॅगिंगमध्ये (उष्णतारोधक आवरणात) मुरलेलं एचएफसी पाणी उडाल्यावर जळू शकतं, म्हणून भिजलेलं लॅगिंग बदलून टाका. आणि १४० बारचा बारीक फवारा हातात घुसला तर फ्लुइड कुठलंही असो, जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

साठवण आणि विल्हेवाट. डायएथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले ते औषधी ग्लिसरीनमध्ये हेच मिसळलेलं होतं म्हणून. पाण्याच्या बाटलीत नमुना काढून टेबलावर ठेवू नका. गळलेलं एचएफसी पाण्यात पूर्ण विरघळतं, ऑइल ट्रॅपमध्ये वर येत नाही, सरळ ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) जाऊन सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं माप) वाढवतं. डाय स्प्रेच्या सांडपाण्यासोबत ते रोज थोडं थोडं जातच असतं, म्हणून मशीनखाली वेगळा ट्रे करा आणि तो वेगळाच रिकामा करा. वापरलेलं एचएफसी जुन्या ऑइलच्या बॅरलमध्ये मिसळू नका. मिसळलं की ऑइल रिसायकलर घेत नाही आणि सगळंच धोकादायक कचरा म्हणून रांजणगाव किंवा तळोज्याच्या सामायिक केंद्राकडे पाठवावं लागतं.